वजन आपोआप येतं

५ जानेवारी, सोमवार
आजपासून नांदेडच्या आमच्या मुलांच्या हॉस्पिटलात कागद बंद. पेशंटचं सगळं कॉम्प्युटरवर, जुन्या फायलीसुद्धा त्यात चढवल्या. मोठ्या डॉक्टरांनी मला सिस्टिम हेड केलं. कालपर्यंत मी बिलिंगचा सिद्धलिंग होतो, आता सिद्धलिंग सर. निदान वॉचमन तरी म्हणाला.
नवीन वर्षाचे संकल्प: चहा दोनच वेळा. आणि ऋतुजाला आपणहून फोन करायचा नाही. मागल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत ती शिवांगीला घेऊन देगलूरला माहेरी गेली, ती विश्रांतीसाठी. भांडण वगैरे काही नव्हतं. घरात जास्त कोण दमतं, याचा जरा विचार कर, एवढंच मी म्हणालो होतो. विश्रांती थोडी लांबली, इतकंच.

८ जानेवारी
चहा चार वेळा. कामच तसं आहे.
सिस्टर लोकांची कटकट. औषधाचा डोस कॉम्प्युटर वजनावरून काढतो, म्हणून वजन भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. लेकरं काट्यावर बसत नाहीत, बोंबलतात. काही आया म्हणतात, चारचौघांत वजन सांगू नका, नजर लागते. लाईन पार गेटाबाहेर. महामाया सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, पोरगं काट्यावर थांबंना आन् तुमचा डबा पुढं सरकंना, आम्ही करावं तरी काय!
डबा म्हणाल्या. हेडने शांत राहायचं असतं.

१२ जानेवारी
तोड काढली! सॉफ्टवेअरच्या कंपनीला सांगून सोय करून घेतली. जुना पेशंट असला की मागच्या वेळचं वजन आपोआप येतं. सिस्टरने फक्त ओके दाबायचं. मोठे डॉक्टर म्हणाले, ते वजन कधीचं आहे ते शेजारी दिसायला पाहिजे. आधी दिसत होतं, पण स्क्रीनवर लई गर्दी होऊन राहिली होती, म्हणून तारीख मीच काढायला लावली. पुढच्या व्हर्जनला टाकू म्हणालो. ते राऊंडच्या घाईत होते, मान डोलावली.

१९ जानेवारी
लाईन गेटाच्या आत! मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली. पेढे मीच आणले, पण वाटले त्यांच्या हातून. खुर्चीवर बसलेला फोटो काढून ऋतुजाला पाठवला. फोटो म्हणजे फोन नव्हे, त्यामुळे संकल्प मोडला नाही. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. भारावली असणार.

२७ जानेवारी
शिवांगीसाठी फ्रॉक घेतला. दुकानदाराने विचारलं, पोरगी केवढी आहे? मी हाताने दाखवलं, गुडघ्याच्या थोडं वर. देगलूरच्या एसटीत ड्रायव्हरकडे दिला.

३० जानेवारी
सासऱ्यांचा, गुरुपादप्पांचा फोन. जावईबापू, फ्रॉक लई बारका झाला, डोक्यातूनच जाईना. आजकाल कंपन्या कापडात मारतात, त्याला मी काय करणार. पोरगी मागून बडबडत होती. मी म्हणालो, द्या तिला. ती आली नाही. नेटवर्क खराब असावं.
तरी ठरवलं. येत्या महिन्यात स्वतः जाऊन दोघींना घेऊन यायचं. सिस्टिम हेडच्या बायकोने माहेरी राहणं बरं दिसत नाही. आणि घर फार गप्प असतं.

७ फेब्रुवारी
आज देगलूरला जाणार होतो. कंपनीचे लोक ट्रेनिंगला आले. पुढच्या शनिवारी नक्की.

१० फेब्रुवारी, दुपारी
गुरुपादप्पांचा फोन. शिवांगीला ताप, त्यात झटके आले. देगलूरच्या डॉक्टरने सुई देऊन इकडे पाठवलं. गाडी नरसीच्या पुढे आली. तान्ही असताना एकदा असेच झटके आले होते, तेव्हा आमच्याकडेच ॲडमिट होती. म्हणजे फाईल तयार आहे. ती उघडून ठेवली. बापाच्या हॉस्पिटलात येतेय पोरगी. काळजी नाही.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी
गाडीतून उतरली तेव्हा झटके चालूच. काट्यावर ठेवणं शक्यच नव्हतं. महामाया सिस्टरनी विचारलं, वजन किती? ऋतुजा सांगायला लागली, अहो, परवाच अंगणवाडीत... मी म्हणालो, तू बाजूला हो, घाबरलीस तू. मी बाप आहे, सगळं सिस्टिममध्ये आहे. ओके मी दाबलं. कॉम्प्युटरने डोस काढला. हिरवी खूण आली. सुई दिली.
झटके थांबेनात.
वर मोठ्या डॉक्टरांना फोन, सगळी पळापळ. मोठे डॉक्टर वरून आले. तिला दोन्ही हातांनी उचलून दुसऱ्या कॉटवर घेतलं आणि तिथंच ओरडले, ही नऊ किलोची आहे होय? कुणी लिहिलं नऊ? ऋतुजा म्हणाली, चौदा. मग राहिलेलं औषध दिलं. मग झटके थांबले.
नऊ किलो ती देगलूरला गेली, त्याच्याही आधीचं होतं.

११ फेब्रुवारी
कंपनीला कडक मेल लिहिला. जुनं वजन आणि नवं वजन यातला फरक सिस्टिमला कळायला नको? दोष सिस्टिमचा आहे. मोठे डॉक्टर म्हणाले, झटके औषध कमी पडल्याने लांबले की तापानेच, आत्ता सांगता येत नाही. मी हे वाक्य ऋतुजाला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही मला बोलू दिलं न्हाई. तेवढंच बोलली.
मेल पाठवला नाही. तारीख काढा म्हणून मीच सांगितल्याचा मेल त्यांच्याकडे आहे.

१३ फेब्रुवारी
शिवांगी शुद्धीवर. मी कॉटजवळ गेलो, तर आजोबांच्या धोतराला धरून तोंड लपवलं. डाव्या हाताने धरलं. उजवा तसाच पडून होता. बोलत नाही अजून. आजारी लेकरं सगळ्यांनाच घाबरतात.
काटा ओपीडीच्या दारातच आणून ठेवला. मोजल्याशिवाय आता पान उघडत नाही. लाईन परत गेटाबाहेर.

१७ फेब्रुवारी
डिस्चार्ज. पुढचे उपचार लातूरला, ऋतुजाची बहीण तिथे आहे. मी विचारलं, मी पण येऊ का? गुरुपादप्पा म्हणाले, राहू द्या जावईबापू, तुमची इथं ड्युटी हाय. रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.
निघताना मोठ्या डॉक्टरांनी लातूरच्या डॉक्टरांसाठी माहिती भरायला घेतली. टाईप मी करत होतो. त्यांनी विचारलं, झटक्याआधी किती बोलायची? काय काय यायचं? त्यावरूनच तिकडे कळेल, किती गेलंय आणि किती परत आणायचंय. मी पटकन म्हणालो, मम्मा, बाबा, भूभू. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची ऋतुजाकडे वळवली.
ऋतुजा सांगत गेली. अंगणवाडीतलं गाणं हातवारे करून पूर्ण म्हणायची. आजोबांशी कानडी बोलायची, शेजारच्या काकूंशी तेलुगू. वीसपर्यंत आकडे, मध्ये तेरा गाळून. उजव्या हाताने स्वतः जेवायची, वरण सांडलं की ताटाला रागवायची. रात्री देवाला सगळ्यांची नावं घेऊन सुखी ठेव म्हणायची, आजोबा, आजी, मावशी, गोठ्यातली गाय.
मी सगळं टाईप केलं. एकही चूक नाही. यातलं एकही मी कधी ऐकलेलं नाही. आता रडतोय, लिहिताना.
त्या नावांत बाबा होता की नाही, ते ऋतुजाने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.