थोरल्या भाऊजींचे उंच भांडे

मी, विजयमाला सयाजी थोरात, वय चौसष्ट, धंदा पूर्वी नोकरी व आता आराम, राहणार मौजे कुंडल, तालुका पलूस, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे, प्रकृती ठणठणीत आहे आणि माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझ्यावर दडपण आणायची आमच्या घरात कोणाची छाती नाही, हे सुमंत वकील पाहून गेलेच आहेत.

१. घर. माझ्या हिश्शाच्या खोल्या मुलगा ऋषिराज व मुलगी पूजा यांना निम्म्यानिम्म्याने. लग्न झाले म्हणून पूजाचा हक्क संपला असे कोणी म्हणू नये. म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या बहिणीसमोर म्हणून दाखवावे.

२. बँकेतील ठेव सून साक्षी हिला. तिला शिलाईचे दुकान टाकायचे आहे. ऋषिराजला दिली तर तो पुन्हा मोटारसायकल बदलेल.

३. हत्यारे. मिरजेजवळच्या कारखान्यात मी संडासाची भांडी बनवत होते. प्लास्टरच्या साच्यात मातीचा पातळ घोळ ओतायचा. साचा पाणी पितो आणि कडेला मातीचा थर धरतो. उरलेला घोळ काढून घ्यायचा. साचा उघडला की ओले भांडे बाहेर येते. ते तान्ह्या बाळासारखे धरावे लागते, नाहीतर बोटे उमटतात. मग ओल्या स्पंजने गुळगुळीत करायचे, वाळवायचे, झिलईचा फवारा मारायचा आणि ट्रॉलीवर चढवून लांबलचक भट्टीत सोडायचे. आत करडे जाते, बाहेर पांढरेशुभ्र येते, आणि अंगाने थोडे आक्रसून. शेवटी मी लाकडी हातोडीने ठोकून ऐकत असे. खणखणीत वाजले तर पास, बद्द वाजले तर कुठेतरी तडा. ती हातोडी पूजाला. नवऱ्यावर वापरू नये.

४. भावकीतील पृथ्वीराज मला लग्नकार्यात “संडासवाली काकी” म्हणत असे. त्याला माझी साबणदाणी द्यावी. त्याच्या नव्या बंगल्यात तीन बाथरूम आहेत आणि तिन्हींत आमच्याच कारखान्याचा माल आहे. वास्तुशांतीच्या जेवणाआधी मी शिक्का बघून आले.

५. आता मुख्य गोष्ट. माझे थोरले दीर लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. माझे मालक गेले तेव्हा “बाईमाणसानं असल्या कारखान्यात जायचं?” म्हणणाऱ्या भावकीला भाऊजींनीच गप्प केले आणि मला स्टँडवर सोडायला स्वतःची मोटारसायकल काढली. पण मी पहिले भांडे घरी आणून परसात बसवले, तेव्हा हेच भाऊजी चार माणसांत गरजले, “जितं रांधायचं तितंच ह्यो परकार? मेलो तरी हितं बसणार न्हाई!” फौजी माणसाचा शब्द. तेव्हापासून टमरेल घेऊन उसात जातात. गुडघ्याचे ऑपरेशन झाले, तरी उसात. गेल्या महिन्यात पाटाच्या कडेला घसरून पडले. “कोन हाय का रं तितं?” ही हाक ऐकून आम्ही धावलो. हाड शाबूत राहिले हे नशीब. पुढच्या वेळी राहीलच असे नाही. भाऊजी अंथरुणाला खिळले तर मला बघवणार नाही, हे लेखी देते.

नोकरी संपताना काय भेट हवी ते कारखान्याने विचारले. मी म्हटले, एक भांडे माझ्या हाताने करू द्या. म्हाताऱ्या माणसांसाठीच्या उंच बैठकीच्या साच्यात ते ओतले आणि ओले असतानाच तळाला काडीने “लालासाहेब” असे कोरले. भट्टीतून आलेले अक्षर पुसता येत नाही. पोत्यात गुंडाळून ते माझ्या पलंगाखाली ठेवले आहे. ते मी भाऊजींना देते. जितेपणी दिले असते तर त्यांनी उकिरड्यावर टाकले असते. मेलेल्या माणसाची इच्छा मात्र ते मोडणार नाहीत.

यात एक अडचण आहे. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, असे वकील सांगतात. आणि भाऊजींच्या सहीशिवाय आमच्या घरातला एकही कागद आजवर पुढे गेलेला नाही. तरी त्यांनी ठरवावे. सही केली तर भांडे अंगणवाडीला.

सह्या होण्यापूर्वीची दुरुस्ती. (असे लिहीत नाहीत, असे वकील म्हणतात. मी लिहिते.) वरील मजकूर सर्वांसमोर वाचला. भाऊजींनी पेन घेतले, टोपण काढले, कलम पाच पुन्हा वाचायला लावले. मग टोपण लावून पेन खाली ठेवले.

“मी सही करत न्हाई,” म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आले.

मग भाऊजी खाकरले. “पर विजयमाला, मी तुझ्यापरीस आठ वर्सांनी थोरला. तू जायची वाट बघायची, तर मी बसायचं कवा?”

एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. वकिलांच्याही नाही.

“आवं भाऊजी, मग आजच घ्या की!”

“घेतो. गवंड्याला सांगावा धाड. आन् कडी आतनं घट्ट पायजे.”

सबब कलम पाच रद्द. वस्तू हयातीतच दिली आहे. भाऊजींना आता या कागदावरून काहीच मिळत नसल्याने ते सही करण्यास मोकळे आहेत.

ठिकाण: कुंडल
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२४

लिहून देणार: विजयमाला सयाजी थोरात (सही)

साक्षीदार:
१. दादासो गुंडा माने, कारखान्यातील जुने सहकारी, मिरज (सही)
२. लालासाहेब थोरात, कुंडल (सही घाईघाईत, गवंडी आला आहे)