एका विहिरीचे चार वाटेकरी

१४ जून २००४, अंबड
नंदा आली, दुपारच्या एस.टी.ने. बॅगेत कपडे थोडे, कागदच जास्त. पुण्यात ती आणि तिचे दोघे सोबती मिळून कॉम्प्युटरवरचा खेळ बनवताहेत. डावपेचांचा. एक विहीर, चार वाटेकरी, प्रत्येकाला पाण्याची पाळी ठरलेली. ज्याची रास आधी घरात येईल तो जिंकला.
"बाबा, असल्या सगळ्या खेळांत फौजा असतात. यात फौज नाही, शेजारी आहे."
सौ. भाकरी थापताना म्हणाली, "मंग फौज कशाला लागती?"

१६ जून
कॉम्प्युटरवर घालण्याआधी कागदावर खेळून बघायचं असतं म्हणे. पुठ्ठ्यावर चौकटी आखल्या, पाण्याला चिंचोके. ओट्यावर चौघं बसलो. मी, नंदा, शेजारचे गणपतराव (साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते) आणि माझ्या शाळेतले कांबळे सर; ते गणिताचे, मी मराठीचा. मी सगळ्यात आधी हरलो. माझं लक्ष शेतांना नावं देण्यात. चिंचेखालचं, वळणाचं, मामाचं... नंदाने सगळी लिहून घेतली.

१७ जून
भानगड झाली. सर कपबश्या आत ठेवायला गेले, तेवढ्यात त्यांची पाळी गणपतरावांनी घेतली. चिंचोके सरळ आपल्या शेतात. सर परत आले, पुठ्ठ्याकडे बघत उभे राहिले.
"विचारायचं असतं, गणपतराव."
"खेळ हाय हो सर. पाणी फुकट वाहून राह्यलं होतं."
सरांनी चष्मा पुसला, चपला घातल्या, गेले. त्यांच्यापुढे पाण्याचा विषय हलका करू नये. लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांना कसं लांब उभं राहावं लागे, ते एकदाच बोलले होते. मधल्या सुट्टीत. गणपतरावांना हे ठाऊक नाही. की आहे?

२१ जून
सर फिरकले नाहीत. गणपतराव म्हणतात, "चिंचोक्यापायी माणूस रुसून बसतं का मास्तर?" म्हणतात खरं, पण सकाळपासून सरांच्या गल्लीतून तीनदा जाऊन आले.
नंदा मात्र खुलली. "हेच पाहिजे होतं. कॉम्प्युटरमधल्या शेजाऱ्याच्या मनात अढी बसली पाहिजे. पाळी चोरली की भांडणार नाही, पण पुढचे हंगाम लक्षात ठेवील." असं अजून कुणी केलेलं नाही म्हणते. वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, अढी.
मी म्हणालो, ती सुटते कशी तेही लिही.
"कशी सुटते?"
पान अर्धं कोरं राहिलं.

३ नोव्हें.
नंदाचा फोन. एका मोठ्या कंपनीने खेळ विकत घेतला, तिघांना नोकरीवरही घेतलं. आनंद वाटला. तिच्या आवाजात मात्र तेवढा नव्हता. आता सपाट चित्रं चालत नाहीत, माणूस चारी बाजूंनी दिसला पाहिजे, पाण्यावर ऊन चमकलं पाहिजे. तिघांचं काम आता चाळीस जणांचं.

८ फेब्रु. २००५
नंदा दोन दिवस आली. झोपलीच जास्त. कागदावर छापलेला शेतकरी दाखवला. मिशीचा केस न् केस. एवढ्या एका माणसाला तीन महिने लागले. गणपतराव बघत राहिले. "खर्चा लई झाला असंल पोरी. ह्यो चालतो का?"
"चालतो काका. पण दिसण्यातच सगळं गेलं, विचार करायला त्याच्याकडे वेळ उरला नाही."
तिच्या लहानपणी असे खेळ एकटा माणूस आपल्या खोलीत बसून करायचा म्हणे. मला वर्ग आठवला. खडू, फळा, साठ पोरं एका चालीत कविता म्हणायची. बाहेर पिंपळ. एवढ्यावर कवितेतला सगळा समुद्र उभा राहायचा, कुणाला दाखवावा लागला नाही. पण हे तिला बोललो नाही. थकलेल्या माणसाला आठवणी सांगू नयेत.

१९ ऑग.
खेळातून अढी काढली.
पैसा घालणारे म्हणाले, इतका खर्च झाल्यावर नवा प्रयोग परवडत नाही. अढी जाहिरातीत दिसत नाही. त्याऐवजी घोडेस्वार घातले. पेंढारी येतात, पीक लुटतात, त्यांना मारायचं. नंदा फोनवर म्हणाली, "बाबा, खेळ लहान होता तेव्हा चूक करायची मुभा होती."
राजीनामा देऊ का, विचारत होती. मी जेवलीस का, एवढंच विचारलं. जन्मभर पोरांना अर्थ सांगितला, आणि इथे...

२ मार्च २००६
सीडी आली. आमच्याकडे कॉम्प्युटर कुठला? स्टँडसमोरच्या क्लासमध्ये गेलो, गणपतराव सोबत. विहीर फार सुंदर. पायऱ्यांवर शेवाळ, आत आभाळ. चिंचेखालचं शेत, वळणाचं शेत, नावं माझीच ठेवलीत. मग घोडे आले.
गणपतराव म्हणाले, "पाणी बराबर काढलंय. पण शेजारी कुठंय?"
येताना रस्त्यात सर भेटले. माझ्याशी बोलले. गणपतरावांना नुसती मान. दोन वर्षं होतील आता.

३० एप्रिल
नंदाने नोकरी सोडली. उद्या येते. फोनवर म्हणाली, "वही माझ्याजवळ आहे. पुन्हा पुठ्ठ्यावरून सुरू करते. बाबा, तेच चौघं पाहिजेत." हे पोट भरायचं काम होईल का, सौ. विचारते.

१ मे
पुठ्ठा माळ्यावरून काढला. एक कोपरा उंदराने खाल्लाय. गणपतराव आले, "मास्तर, सरांना तुम्हीच बोलवा."
मी म्हटलं, विचारायचं असतं. ज्याचं त्याने.
गणपतरावांनी डबीतले चिंचोके पुठ्ठ्यावर ओतले, मोजून सरांच्या शेतात ठेवले. त्या दिवशी होते तेवढेच, त्यांना आकडा पाठ होता. मग टोपी नीट करून निघाले. इथून सरांचं फाटक दिसतं. त्यांनी कडी वाजवली. अजून बाहेरच उभे आहेत. नंदा वही उघडून त्याच अर्ध्या पानावर बसलीय, पेन हातात, नजर फाटकाकडे.