नव्वद ग्रॅम पाणी

ता. १४ मे, मंगळवार

चि. ठकीस,

आईचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा आपल्या जागेवर आहे, दुखणंही. तुझी लेक सुट्टीला आल्यापासून घरातलं एक कपाट बंद राहत नाही.

तिनेच परवा सांगून टाकलं, तू बारावीच्या परीक्षेचा फॉर्म भरलास. "आजी, मी बोलले असं आईला सांगू नकोस हं." सांगत नाहीये, लिहितेय. मला इतका आनंद झाला गं, चहात दोनदा साखर घातली आणि तसाच प्यायले.

म्हटलं, आईला अवघड काय जातंय? तर म्हणे, मोल. मग मलाही शिकव म्हटलं. डोक्याचा नुसता भुगा. एक मोल म्हणजे सहा हजार बावीस आणि त्यापुढे वीस शून्यं, इतके कण. मोजले कुणी? "मोजत नाहीत गं, वजनावरून काढतात." अगं, मग आम्ही कारखान्यात पॅकिंगला दुसरं काय करायचो? शंभर स्क्रू मोजून काट्यावर ठेवायचे, मग पोतंच्या पोतं तोलून आत किती ते सांगायचं. जन्मभर केमिस्ट्री केली आणि मला कुणी बोललं नाही.

त्या फुशारकीत पाव किलो मीठ आणि पाव किलो साखर तोलली. म्हटलं, घे, दोन्हीचे मोल सारखे. पोरगी हसून लोळली. "आजी, शंभर स्क्रू आणि शंभर बोल्ट सारखे भरतात का?" नाही भरत. कोळशाचा मोल बारा ग्रॅम, पाण्याचा अठरा. एवढं शिरलं डोक्यात. पण आम्ही पहिले शंभर तरी बोटांनी मोजायचो. जो कण दिसतच नाही, त्याचे पहिले शंभर कुणी मोजले? ती म्हणाली, आईलाच विचार.

विचारायचं आणखीही एक आहे. आधी वहीचं सांगते.

तुझी ती तपकिरी वही माझ्या पेटीत आहे. तुला वाटत असेल, रद्दीत गेली. शेवटच्या पानावर गणित आहे, नव्वद ग्रॅम पाणी म्हणजे किती मोल. खाली तू लिहिलंयस, अठरा ग्रॅम म्हणजे एक मोल, म्हणून. पुढे कोरं. तेवढ्यात मी हाक मारली होती. पॅकिंगला एक जागा रिकामी झाली होती. उद्यापासून तू कामाला यायचं, म्हटलं. तू पेनाला टोपण लावलंस आणि उठलीस. तेव्हा मला ते बरंच वाटलं होतं.

काल डब्यातले नव्वद स्क्रू जमिनीवर ओतले आणि अठरा-अठराचे ढीग केले. पाच झाले. तुझ्या त्या 'म्हणून'पुढे पेन्सिलीने लिहिलेत. चुकले असतील तर खोड. वही लेकीबरोबर पाठवते.

दुसरं विचारायचं होतं ते राहू दे. तुला कळलं असेल.

तुला गणितावरून उठवणारी,
आई