पत्ते कोण वाटतंय?

सोमवार, ४ मार्च

परत! दुपारी सव्वादोन. दुपारच्या पाळीने कॉम्प्युटर सुरू केले आणि खालच्या मजल्यावरचे सहाही कॉम्प्युटर लॅबच्या सर्व्हरला ओळख देईनात. रिपोर्ट तयार, पण छापता येत नाही. एक आजोबा सकाळपासून उपाशी बसलेले. त्यांची साखर किती, हे सांगायला कुणी नाही. डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नेटवर्क तुझ्याकडे ना? मग हे काय चाललंय?"

साडेतीनला मशीन बंद करून चालू केली, तर ठणठणीत. त्याआधी तेच चार वेळा केलं होतं! तेव्हा काय धाड भरली होती?

मंगळवार, ५ मार्च

आज टपूनच बसले होते. सव्वादोनला बिघडलेल्या एका मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता बघितला — आमचा नाहीच! इथे प्रत्येक कॉम्प्युटरला पत्ता देणारा राउटर एकच, वरच्या कपाटातला. म्हणजे दुसरं कुणीतरी पत्ते वाटतंय. कुण्या दीडशहाण्याने घरचा राउटर आणून भिंतीत खुपसलाय! टोकन द्यायला दोन माणसं बसवली की रांगेचं जे होईल, तेच झालंय. ज्याला जो आधी भेटला त्याचा पत्ता त्याने घेतला. चुकीचा पत्ता घेऊन बसलेल्याला सर्व्हर दिसणार कसा?

नेटवर्कच्या सगळ्या वायरी जिथे येतात त्या स्विचला विचारलं. त्याने सांगितलं, तो परका राउटर चौदा नंबरच्या भोकातून बोलतोय. छान. पण चौदाची वायर पुढे जाते कुठे? जुन्या ठेकेदाराने एकाही वायरीवर चिठ्ठी लावलेली नाही. चोवीस वायरी, सगळ्या निळ्या, सगळ्या एकाच छतात घुसलेल्या! चौदा उपटून टाकणार होते. बाई म्हणाल्या, "त्यावर रक्ताचं मशीन असलं तर?" मुकाट्याने हात मागे घेतला.

बुधवार, ६ मार्च

दिवसभर शिडीवर. अकरा वायरींचा माग लागला, चौदा नंबरचा नाही. त्या ठेकेदाराचं वाटोळं होवो!

गुरुवार, ७ मार्च

आज एका पेशंटचा रिपोर्ट तिचं ऑपरेशन होतं त्या दवाखान्यात दोन तास उशिरा पोचला. ऑपरेशन पुढे ढकललं. नातेवाईक माझ्यावर ओरडले. माझं टाळकंच सरकलं. तशीच डॉक्टरीणबाईंच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सापडेल त्याला त्याच दिवशी घरी पाठवा. कुणीही असो. दयामाया नको."

बाई म्हणाल्या, "शब्द?"

"शब्द."

नोटीस लिहायला ताईला बसवलं: 'नेटवर्क बिघडवणारा सापडला की त्याच दिवशी घरी.' सख्खी थोरली बहीण. नोंदणीच्या खिडकीत आठ वर्षं बसते, मला इथे चिकटवलं तेही तिनेच. अक्षर मोत्यासारखं. लिहिता लिहिता म्हणाली, "काढूनच टाका मेल्याला! पेशंटच्या शिव्या मी खाते." बरं वाटलं. एक तरी माणूस माझ्या बाजूने आहे. नोटीस दारावर चिकटवली. वाचणाऱ्या प्रत्येकाचं तोंड मी निरखून पाहिलं. एक्स-रेवाल्याने नजर चुकवली. तोच असणार. लिहून ठेवते!

शुक्रवार, ८ मार्च

एक्स-रेवाला नाही.

आज वायर खेचणाऱ्याला बोलावलं. तो छतात, मी खाली. त्याने चौदा हलवली आणि नोंदणीच्या टेबलाखाली वायर हलली. वाकून पाहिलं. ताईच्या पर्सच्या मागे पांढरा डबा, हिरवा दिवा लुकलुकतोय. मोडीत काढलेला आमच्या घरचा जुना राउटर!

ताई जेवत होती. मोबाईल समोर उभा, पडद्यावर भाची. "अगं, इथे रेंज नाही म्हणून लावला. दुपारी हिच्याशी बोलून होईपर्यंत चालू ठेवते, मग बंद. तूच नाही का दिलास, 'ने, कुठेही लाव, चालतो' म्हणून? का गं, काय झालं?"

मी वायर काढली.

बाईंनी निघताना विचारलं, "सापडला? नाव?" म्हटलं, उद्या नऊला सांगते.

शनिवार, ९ मार्च

सव्वाआठ. राजीनामा लिहिला. कारण म्हणून लिहिलंय — डबा माझा होता.