उतरल्यावर घ्यायला कोण?

आडगाव नाका, नाशिक
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

चि. मयूर यास देवराममामाचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. माझं बीपी गोळीच्या धाकात असतं, गुडघा मात्र कुणालाच जुमानत नाही. तुझी तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. तसं साधनाकडून मला सगळं कळतं, पण ते मालेगावहून येईपर्यंत शिळं होतं. (तू रविवारी आईला फोन करतोस, ती सवड होईल तेव्हा मला करते, तोवर तुझी सर्दी बरी होऊन तू ऑफिसला गेलेला असतोस आणि मी इकडे काळजी करायला सुरुवात करतो.)

आता पत्र कशाला, फोन करायचा की, असं तू म्हणशील. पण बाबा रे, प्रश्नच असा विचारला आहेस की उत्तर फोनवर मावायचं नाही. तुझा मेसेज आला तेव्हा मी गॅसवर चहा ठेवला होता. शनिवार-रविवार विमान घेऊन (स्वतः चालवून!) एखाद्या शहरात दोन दिवस फिरून यायचं आहे, तीन गावं डोक्यात आहेत, कुठल्या विमानतळावर उतरावं ते सुचवा, असं तू लिहिलं होतंस. इंग्रजीत होतं, मी सावकाश, कागदावर उतरवून घेत वाचलं. चहा उतू गेला, गेला तर गेला. मयूर, खरं सांगू का, तुझी मामी गेल्यापासून या घरात मला कुणी काही विचारलेलं नाही. भाजी कोणती करू, एवढं तरी ती रोज विचारायची (आणि मग तिच्या मनात असेल तीच करायची). आता दूधवालासुद्धा विचारत नाही, कडीला पिशवी अडकवून निघून जातो. आणि एकदम अमेरिकेतून प्रश्न, तोही विमानतळाचा! मी खुर्चीत ताठ बसलो. मग उठून बनियनवर शर्ट घातला.

मेसेजच्या सुरुवातीला 'हाय गाईज' असं होतं. वरच्या मजल्यावरची भाडेकरू सरिताबाई (बँकेत आहे, इंग्रजी पक्कं) म्हणाली, काका, हे अनेकवचन आहे. मी म्हटलं, असणारच, आदरार्थी आहे. मामाला एकेरीत हाक मारेल असा आमचा मयूर नाही. ती दोन पायऱ्या चढली, वळून माझ्याकडे बघितलं आणि वर गेली.

आता तुझा समज असा असेल की मामा ओझरच्या विमान कारखान्यात रिटायर होईपर्यंत होता, म्हणजे त्याला विमानातलं सगळं कळतं. अरे, मी शेपटीचा माणूस. उभा जन्म शेपटीला रिव्हेट मारण्यात गेला. ते विमान पुढे कुठे गेलं, कुठे उतरलं, याची वार्ता आम्हाला कुणी दिली नाही. म्हणून मी फकिराला गाठलं. (फकिरा तुला आठवत असेल, पेंट शॉपमधला, ज्याच्या मिशीला कायम करडा रंग लागलेला असायचा. आता रंग लागत नाही, मिशीच करडी झाली आहे.) मी शेपटीचा, तो रंगाचा, मिळून अर्धं विमान तरी झालं, अशा हिशेबाने आम्ही दोघं त्याच्या ओट्यावर मोबाइल घेऊन बसलो आणि तुझी तिन्ही गावं शोधून काढली. नावं आमच्या जिभेला झेपेनात, म्हणून आम्ही त्यांना तळ्याचं गाव, डोंगराचं गाव आणि समुद्राचं गाव म्हणू लागलो. तूही तसंच समज.

तळ्याचं गाव दिसायला सुंदर, पण तिथली धावपट्टी आखूड आणि ती संपते तिथे तळं. फकिरा म्हणाला, "ब्रेक नाय लागला तं डायरेक आंघोळ." ते गाव तिथेच बाद झालं. डोंगराच्या गावाचं प्रकरण वेगळंच निघालं. छोट्या विमानातून आलेल्या पाहुण्याला तिथला विमानतळ गावात जायला मोटार देतो म्हणे, फुकट! किल्ली घ्यायची, हिंडायचं, जेवढं पेट्रोल जाळलं तेवढं भरून गाडी परत लावायची. आम्ही हे सरिताबाईकडून तीनदा वाचून घेतलं. आपल्या गल्लीत सायकलचा पंप मागितला तर पंपासोबत माणूसही येतो आणि हवा भरून होईपर्यंत शेजारी उभा राहतो. फकिराचं ठाम मत पडलं की यात काहीतरी गोम आहे, मोटारीत बसल्यावर ते बहुतेक इन्शुरन्स विकत असणार. शिवाय डोंगरात दुपारनंतर वारा फार, तेव्हा तेही गाव नको. राहिलं समुद्राचं. तिथल्या विमानतळावर एक हॉटेल आहे आणि लोक निव्वळ तिथला बर्गर खायला विमानं काढून येतात. पाव खायला विमान! मी बराच वेळ हसलो. मग आठवलं की रविवारी सकाळी अर्धं नाशिक मिसळ खायला गाड्या काढून गावाबाहेरच्या मळ्यांवर जातं, तासभर नंबर लावून उभं राहतं, आणि मीही तुझ्या मामीला स्कूटरवर बसवून तेच करत होतो. तेव्हा हसणं आवरलं. (आता मी मिसळ खायला जात नाही. एकट्याला टेबल देताना ते 'अजून कोणी आहे का' असं विचारतात.)

तर आम्ही धावपट्टी पाहिली, वारा पाहिला, पेट्रोल, पार्किंग, धुकं, हॉटेल, सगळं पाहिलं. फकिरा मधेच शेंगा सोलत बसला. मग म्हणाला, "ते समदं ऱ्हाऊ दे देवराम. पोरगं उतरल्यावर घ्यायला कोन येनार?"

मयूर, तिन्ही विमानतळांची माहिती मी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. विमान धुऊन मिळेल असंसुद्धा एका ठिकाणी लिहिलं आहे, पण हे कुठेच लिहिलेलं नाही. तू शाळेसाठी आमच्याकडे राहायला होतास तेव्हा सुट्टीला मालेगावला जायचास आणि येताना एसटीने एकटा यायचास. गाडी यायच्या कितीतरी आधी मामी मला घरातून हाकलायची, आणि मी स्टँडवर सायकल धरून उभा. तू आधी खिडकीतून डोकं काढून मला शोधायचास, मी दिसलो की डोकं आत घ्यायचास आणि अगदी मोठ्या माणसासारखा, जणू मी आलो काय न आलो काय, असा खाली उतरायचास. ते मला फार आवडायचं. आपल्या घरातलं कुणी गाडीतून उतरलं आणि त्याला इकडेतिकडे बघावं लागलं, असं कधी झालं नाही. आणि तू आता आकाशातून उतरणार, तरी खाली कुणी नाही, हे काही मला पटेना.

म्हणून मी तुझी तिन्ही गावं खोडली आणि चौथं सुचवतो आहे. ओझर. धावपट्टी एवढी लांब की तुझं विमान पहिल्या कोपऱ्यातच थांबेल आणि पुढे रिक्षा करावी लागेल. टोकाला तळं नाही. थंडीत आकाश स्वच्छ, द्राक्षं तयार, मिसळीला दोघं असलो की टेबलाचा प्रश्न नाही. मोटार फुकट नाही, पण फकिराची स्कूटर आहे आणि ती तो सोबत न येता द्यायला तयार झाला आहे (यावरून तुला तुझी इथली पत कळेल). मी हे सगळं सरिताबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, काका, त्याच्या विमानाची टाकी केवढी, मधे समुद्र केवढा! मी म्हटलं, वाटेत भरेल. ती म्हणाली, कुठे? मग आम्ही नकाशा पाहिला. इथेच घोडं पेंड खातं. समुद्राचा विचार शेपटीच्या माणसाकडून राहून गेला.

तरी म्हटलं, जागा डोळ्यांनी पाहून यावी, म्हणून परवा बस धरून ओझरला गेलो. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून बाहेर यायच्या दाराशी, लोक घ्यायला उभे असतात तिथे उभा राहिलो. शेजारी दिंडोरीकडचे एक बागाईतदार फुलांचा गुच्छ घेऊन उभे होते, नवे जावई आणि मुलगी येणार म्हणून. त्यांना फोन आला, ऐकू येईना, म्हणून 'जरा धरा हो' म्हणत त्यांनी गुच्छ माझ्या हातात दिला आणि ते लांब गेले. तेवढ्यात दार उघडलं. मुलगी मागे बॅगेसाठी थांबलेली, जावई एकटाच पुढे आला, त्याने गुच्छ पाहिला आणि सरळ वाकून माझ्या पाया पडला. म्हणाला, हिचे मामा ना? आता मी कुणाचा तरी मामा आहेच, तेव्हा हो म्हणालो. गुच्छ दिला, प्रवास कसा झाला विचारलं, सवयीने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि चालू लागलो. चांगले गाड्यांपर्यंत गेलो आम्ही. मग त्याचे सासरे धावत आले, उलगडा झाला, सगळे हसले, मीही हसलो. भले लोक. म्हणाले, आडगाव नाक्याला सोडतो, चला. मी म्हटलं, नको, माझा भाचा यायचाय. "फ्लाइट लेट आहे का?" त्यांनी विचारलं. हो, जरा लेट आहे, मी म्हटलं. सगळे पांगेपर्यंत तिथेच थांबलो आणि मग बसने घरी आलो.

असो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर दिलं आहे. विमान जपून चालव. डबा बरोबर घे, बर्गरच्या भरवशावर राहू नकोस.

तुझा,
देवराममामा

ता. क. छोट्या विमानाने जमायचं नाही हे मला कळलं आहे. मोठ्याने ये. मुंबईला उतरलास तर मी मुंबईला येईन, गुडघ्याचं मी बघतो. शनिवार-रविवारच ये, जास्त नको. मी फार बोलणारही नाही, जे बोलायचं ते बरंचसं या पत्रात आलंच आहे.

ता. क. चा ता. क. ओट्यावर सांडलेला चहा पुसून मी परत मोबाइल हातात घेतला, तेव्हा तुझा मेसेज जागेवर नव्हता. 'हा मेसेज डिलीट केला' एवढीच ओळ होती. चुकीच्या माणसाला गेला की असं करतात, हे सरिताबाईने मला त्याच दिवशी सांगितलं. एव्हाना तू त्यांतल्या एखाद्या गावी जाऊनही आला असशील. राग नाही रे. एवढंच की पुढच्या वेळी चुकून काही आलं, तर पुसू नकोस. चुकीचा माणूस घरीच असतो.