शब्दकोशातला धबधबा

४ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाईंस,

आशीर्वाद वि. वि. तुझी आई बरी, शिलाई मशीन बरं, माझेच डोळे रुसलेत. सुईत दोरा ओवायला अर्धा तास लागतो. आई म्हणते, तोवर गिऱ्हाईकाचं माप बदलतं. डॉक्टरीणबाई तोंडाने मोतीबिंदू म्हणाल्या. ऑपरेशन पुढच्या बुधवारी. पण चिठ्ठीवर लिहिलंय ‘कॅटरॅक्ट’. तू शाळेत असतानाच्या जुन्या शब्दकोशात एकेक अक्षर जुळवून पाहिलं, तर अर्थ निघाला धबधबा! म्हणजे पातं लागलं की डोळा वाहून जाणार. मग शिवू कशानं? मी जाणार नाही. तूच म्हणतेस ना, तोंडच्यापेक्षा कागदावरचं खरं?

लोभ आहेच, डोळे असेतो वाढव.

तुझा बाबा

७ फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. शाळा सुटल्यावर तडक ग्रंथालयात जाऊन मोठा कोश काढला.

शब्द लॅटिन, अर्थ खरंच धबधबा. जुन्या वैद्यांना वाटायचं, डोक्यातलं पाणी खाली उतरतं आणि बुबुळामागे गोठून पडदा धरतं. अंदाज साफ चुकला, नाव मात्र चिकटून राहिलं. खरं तर डोळ्यातलं भिंगच गढुळतं. ते काढून नवं बसवतात. आणि आपल्या मोतीबिंदूत तरी मोती कुठे असतो?

कागदावरचं सगळं खरं, हे मीच तुम्हाला शिकवलं. घरात पहिली पदवी माझी, त्याचा तोरा होता. छापील शब्दालाही ‘तू कुठून आलास?’ असं विचारायला हवं, हे मला तुमच्यामुळे कळलं. मंगळवारी येते. ऑपरेशनच्या वेळी दाराबाहेर बसेन.

कृपालोभ असावा, हट्ट नसावा.

तुमची मास्तरीण

२२ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाईंस,

आशीर्वाद. तू परत गेलीस आणि मी दुकान उघडलं. पोस्टमन काळी पँट कमरेत सैल करायला घेऊन आला. नव्या भिंगातून पाहतो तर सगळी शिवण निळ्या दोऱ्याची, आणि शिवलेली मीच! वर्षभरात असं कितीजणांना दिलं, कोण जाणे. एकानंही ब्र काढला नाही. उलट पुढचं कापड आणून टाकलं. आता एकेकाला बोलावून उसवतोय. पोस्टमन म्हणतो, राहू द्या हो, सवय झालीय. मी ऐकतोय होय!

लोकांनी माझ्यावर केला तसा लोभ तुझ्याही वाट्याला येवो.

तुझा बाबा