मधल्या चौकटीतलं यान

गुरुजी, तुम्ही चुकला होतात. आधी एवढं सांगून टाकते, मग बाकीचं. मी तिसरीत असताना तुम्ही पेपरातली चित्रकथा कापून आणली होती, पाच चौकटींची. मधल्या चौकटीत यान चंद्रावर उतरलेलं. मी तिथूनच वाचायला लागले. आमच्याकडे लग्नात भिंतीवर चौक लिहितात, देवी मधोमध, बाकी जग तिच्या भोवती. डोळा आधी मध्येच जातो. तुम्ही ओरडलात, "अगं, यान उडायच्या आधी उतरतं का? डावीकडून वाच!" वर्ग हसला. मी पाटी टाकली ती टाकलीच, शाळाही सुटली.

आता मी सूर्यमाळकडच्या एका आश्रमशाळेत भात रांधते. नव्या बाईंनी भिंतीवर अंतराळाची चित्रकथा लावली न् पोरांना हायकू लिहायला सांगितले. तीन ओळी, पाच-सात-पाच अक्षरं. पोरं पेन चावत बसली. मला कुठला धीर! बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजली न् म्हटलं, घ्या लिहून:

चंद्रावर मी
हंडा घेऊन गेले
टँकर नाही

पोरं हसून लोळली. बाई म्हणाल्या, "मावशी, मोखाड्याला मोठ्यांची स्पर्धा आहे, चला." "मग भात कोण रांधेल, तुम्ही?" त्यांनी खरंच रांधायला घेतला. पोरांनी कच्चा खाल्ला, पण मी गेले.

तिथे भिंतीवर पुन्हा पाच चौकटी, पुन्हा यान. मी पुन्हा मधूनच धरलं:

आधी उतरे
यान मग उडते
घाई कसली

परीक्षक साहेब चष्मा वर करून म्हणतात, "मावशी, क्रम उलटा झालाय. दुरुस्त करून देऊ?" माझे कान तापलेले, तिसरीतल्यासारखे. पण या वेळी मी उठून गेले नाही. म्हटलं, "हात लावायचा नाही. आमचा चौक मधून सुरू होतो. मध्ये यान उतरलंय, ते मी आधी पाहिलं, आधी लिहिलं." साहेब चित्राकडे बघत राहतात. मग माईकवर वाचतात, एकदा, परत एकदा. सगळा हॉल हसतो, पण माझ्यावर नाही, माझ्या ओळींवर. पहिला नंबर, गुरुजी! मधूनच वाचून पहिला नंबर!

हा कागद पाठवायचा कुठे? तुम्ही जाऊन किती पावसाळे झाले. तुमच्या दहाव्याला सगळा पाडा गेला होता. शेतात भाताची आवणी, रोपं लावायचं काम, चालू आहे म्हणून मी घरी राहिले. आवणी आदल्या दिवशीच उरकली होती.